घरचे सुतारकाम : बोटांइतकेच नाकही सांभाळा

दसरा झाला की आमच्या दवाखान्यात दोन प्रकारचे रोगी हमखास वाढतात. पहिले, साफसफाई करताना स्टुलावरून पडलेले. दुसरे, दिवाळीपूर्वी घरात लाकूडकाम काढलेले. पावसाळ्यात दमट हवेने लाकूड फुगते, पॉलिश पांढरे पडते, म्हणून ही कामे पुढे ढकललेली असतात. पाऊस ओसरला की सगळ्यांना एकदम घाई होते. लक्ष्मीपूजनाच्या आत कपाट उभे राहिले पाहिजे, पाहुणे येण्यापूर्वी जुन्या दिवाणाला चकाकी आली पाहिजे.

पूर्वी हे काम मिस्त्री करीत आणि आपण चहा देत असू. आता चित्र थोडे बदलले आहे. ड्रिल, जिगसॉ, घासण्याचे छोटे मशीन हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळते. २०२० च्या टाळेबंदीत घरी बसलेल्या अनेकांनी प्रथमच हाती करवत धरली आणि नंतरही सोडली नाही. ही गोष्ट मला मनापासून आवडते. परंतु त्याबरोबर येणारे काही धोके लोकांना ठाऊक नाहीत, म्हणून आजचा हा विषय.

चार टाके आणि एक खोकला

गेल्या शनिवारी बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ डाव्या हाताची तर्जनी फडक्यात गुंडाळून आले. सोबत त्यांच्या पत्नी. नात पाचवीत गेली म्हणून तिच्यासाठी अभ्यासाचे टेबल करायला घेतले होते. पटाशी निसटली आणि बोटात घुसली.

"डॉक्टर, आता तुम्हीच यांना सांगा. या वयात हा नसता उद्योग कशाला?" वहिनी म्हणाल्या.

मी उद्योग बंद करायला सांगेन, अशी त्यांची खात्री होती. मी तसे सांगितले नाही. निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षी हेच गृहस्थ दर पंधरा दिवसांनी छातीत धडधडते, झोप लागत नाही, भूक नाही अशा तक्रारी घेऊन येत. तपासणीत काही सापडत नसे. लाकडाचा नाद लागल्यापासून त्यांच्या फेऱ्या कमी झाल्या होत्या. रंधा मारणे हा खांद्यांना आणि दंडांना चांगला व्यायाम आहे. मोजमापात मन गुंतते आणि संध्याकाळी डोळ्यांसमोर काहीतरी घडलेले दिसते. निवृत्त माणसाला याहून चांगले औषध मी तरी कुठून आणणार?

टाके घालताना मात्र ते चार-पाच वेळा खोकले. विचारले तर म्हणाले, "तीन आठवडे आहे. हवा बदलल्यामुळे असेल."

मी काम कुठे करता, कसे करता ते विचारले. मागच्या खोलीत. टेबलाचा वरचा भाग एमडीएफचा, तो मशीनने घासून गुळगुळीत केला. धूळ स्वयंपाकघरात जाते म्हणून वहिनी रागावत, तेव्हा दार-खिडकी बंद करून. नाकाला हातरुमाल बांधला होता.

"आणि वहिनी, तुमचा दम्याचा पंप?" मी विचारले.

त्या जरा थांबून म्हणाल्या, "या दिवसांत दोनदा-तीनदा जास्त घ्यावा लागतोय खरा."

बोटाची जखम आठ-दहा दिवसांत भरून येईल. तिच्यामुळे दोघे घाबरून धावत आले. पण तीन आठवडे दोघांच्या छातीत जी धूळ जात होती, तिच्यासाठी दोघांपैकी कोणीही आले नव्हते. रक्त दिसते, म्हणून आपण घाबरतो. धूळ आणि वाफ रक्त काढीत नाहीत, म्हणून आपण त्यांना खपवून घेतो. हीच चूक मी डॉक्टर असूनही एकदा केली आहे आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख पुढे नेणे बरोबर होणार नाही.

मिस्त्रींची सर्दी

माझ्या दवाखान्यातील टेबल, रोगी तपासण्याचा बाक आणि औषधांचे कपाट १९९८ साली एका मिस्त्रींनी केले. पाडलेल्या एका वाड्याच्या सागाच्या तुळया त्यांनी मला स्वस्तात मिळवून दिल्या होत्या. वयाच्या बाराव्या वर्षापासून ते वडिलांच्या हाताखाली रंधा मारीत. माणूस निर्व्यसनी, कामात चोख.

२०१२ साली ते सर्दीसाठी आले. डावी नाकपुडी बंद, डोके जड. मी गोळ्या आणि नाकात घालायचे थेंब दिले. दीड महिन्याने पुन्हा तीच तक्रार. मी औषध बदलले. तिसऱ्या खेपेला वाफ घ्यायला सांगितली. पाचव्या महिन्यात त्यांनी खिशातून रुमाल काढून दाखवला, त्यावर रक्ताचे डाग होते. "नाक शिंकरले की येते, फक्त डावीकडून," ते म्हणाले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सर्दी दोन्ही नाकपुड्यांना होते. एकाच नाकपुडीची तक्रार पाच महिने टिकते, तेव्हा ती सर्दी नसते. मी त्याच दिवशी त्यांना कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवले. आत गाठ होती. तपासणीत कर्करोग निघाला. मुंबईला शस्त्रक्रिया झाली, विकिरणोपचार झाले. त्यानंतर ते चार वर्षे जगले. पाच महिने आधी कळले असते तर किती फरक पडला असता, हे सांगता येणार नाही. परंतु ते पाच महिने माझ्या हातून गेले, एवढे खरे.

यात अज्ञानाची सबब मला नव्हती. लाकडाची धूळ माणसात कर्करोग निर्माण करते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच जाहीर केले होते. त्याही आधी, १९६० च्या दशकात, इंग्लंडमधील हाय विकम या गावी हे लक्षात आले. खुर्च्या आणि फर्निचरच्या कारखान्यांसाठी हे गाव प्रसिद्ध. तेथील कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉ. एस्मे हॅडफिल्ड या बाईंना दिसले की, नाकातील एक अतिशय दुर्मीळ कर्करोग आपल्याकडे वरचेवर येतो आणि रोगी बहुतेक लाकूडकाम करणारे असतात. त्यांनी सहकाऱ्यांसह १९६८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ही माहिती प्रसिद्ध केली. त्याहून मागे जायचे तर १७०० साली इटलीतील डॉ. बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि वैद्यांना सांगितले की, रोग्याला इतर प्रश्नांबरोबर 'तू काय काम करतोस?' हेही विचारा. मी तर त्या मिस्त्रींनी केलेल्या टेबलावरच कागद ठेवून त्यांना औषध लिहून देत होतो. त्यांचा धंदा मला विचारण्याचीही गरज नव्हती.

येथे एक खुलासा करतो, नाहीतर वाचक उगाच धास्तावतील. हा कर्करोग फार क्वचित होतो. ज्यांनी वर्षानुवर्षे, बहुधा काही दशके, कठीण लाकडाच्या धुळीत काम केले, त्यांना त्याचा धोका अधिक असतो. आपले साग आणि शिसम कठीण लाकडातच मोडतात. सुट्टीत एखादे टेबल करणाऱ्याने या रोगाची चिंता करीत बसू नये. मात्र दमा, खोकला, नाक वाहणे, डोळे चुरचुरणे, अंगाला खाज सुटणे हे त्रास चार दिवसांच्या कामातही होतात. सागाच्या आणि शिसमाच्या धुळीने काहींच्या हातावर, मानेवर पुरळ येते, ते त्या लाकडातील नैसर्गिक द्रव्यांमुळे.

कोणती धूळ वाईट?

करवतीचा भुसा आणि रंध्याच्या ढलप्या पाहून घरातील माणसे वैतागतात. खरे तर त्यांचा त्रास कमी. त्या जड असतात, खाली पडतात. खरी वाईट ती घासताना उडणारी पिठासारखी धूळ. पॉलिश पेपरचा नंबर जितका मोठा, तितकी धूळ बारीक. ८० नंबरच्या कागदापेक्षा २२० नंबरची धूळ हवेत जास्त वेळ तरंगते. आपल्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन धरली, तर १० मायक्रॉनपेक्षा लहान कण नाक चुकवून फुप्फुसात जाऊ शकतात. ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. काम थांबवल्यावर, खोली स्वच्छ दिसू लागल्यावरही ते हवेत असतात. आपण मास्क काढतो तो नेमका याच वेळी.

हातरुमालाने किंवा कापडी मास्कने ही धूळ अडत नाही. कोरोनामुळे एन-९५ हे नाव घरोघरी माहीत झाले आहे. तोच मास्क येथे वापरावा, नाकावरची पट्टी दाबून, कडेने हवा शिरणार नाही असा. दाढी वाढलेली असल्यास तो नीट बसत नाही. घासण्याचे काम अंगणात, गच्चीवर किंवा उघड्या व्हरांड्यात करावे. वारा आपल्या पाठीकडून किंवा बाजूने येऊ द्यावा. मशीनला धुळीची पिशवी असेल तर ती लावावी. नंतर केरसुणीने झाडू नये, झाडल्याने सगळी धूळ पुन्हा उठते. ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. कामाचे कपडे बाहेरच झटकून बदलावेत आणि मग नातवंडांना जवळ घ्यावे.

घरात दमेकरी, लहान मूल किंवा गरोदर बाई असेल, तर घासणे आणि पॉलिश ही दोन्ही कामे घराबाहेरच, हा नियम समजावा.

जुन्या पाळण्याचा रंग

अनेक घरांत आजोबांच्या वेळचा पाळणा असतो. घरात बारसे ठरले की तो माळ्यावरून खाली येतो आणि हौसेने घासून रंगवला जातो. हौस चांगली, पण जुन्या तेलरंगात शिसे असण्याची शक्यता बरीच असते. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा रंग कोरडा घासला तर शिशाची धूळ उडते. लहान मुलांच्या मेंदूची वाढ शिशाने खुंटते आणि त्यावर नंतर औषध नाही. गरोदर स्त्रीच्या पोटातील बाळालाही ते पोहोचते.

म्हणून जुना रंग कोरडा घासू नये, आगीने जाळून काढू नये. घराबाहेर, पाणी लावून, वॉटर पेपरने हाताने घासावा. विजेचे मशीन आणि पाणी एकत्र आणू नये. निघालेला चोथा कागदात गुंडाळून टाकावा, परसातल्या भाजीच्या वाफ्यात नव्हे. एवढी खटपट होत नसेल, तर पाळणा आठवण म्हणून ठेवावा आणि बाळाला दुसऱ्या पाळण्यात घालावे. नवा पाळणा करणार असाल तर दोन गजांमधील अंतर ६ सेंटीमीटरपेक्षा जास्त ठेवू नये. अधिक असल्यास बाळाचे अंग निसटून डोके अडकू शकते.

पॉलिशचा वास

आपल्याकडची सर्वांत जुनी पॉलिश म्हणजे चपडा. लाखेच्या पापड्या स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने लावायच्या. वाळल्यावर लाख निरुपद्रवी असते, औषधाच्या काही गोळ्यांवरही तिचाच मुलामा असतो. पण तिच्यातील स्पिरिट पेट घेते, आणि दुकानात मिळणाऱ्या स्पिरिटमध्ये मिथेनॉल हे विषारी द्रव्य असू शकते. ते पोटात गेल्यास दृष्टी जाऊ शकते, जीवही जाऊ शकतो.

एनसी लॅकर, मेलामाइन आणि त्यांत घालायचे थिनर यांचा वास उग्र असतो. टोल्यूइनसारखी ही द्रावके डोके दुखवतात, गरगरवतात, मळमळ आणतात. बंद खोलीत तास-दोन तासांत माणूस झिंगल्यासारखा होतो. दोन डबे एकत्र करून लावायच्या पीयू पॉलिशमध्ये आयसोसायनेट असते. त्याने दमा नसलेल्या माणसालाही दमा होऊ शकतो. असल्या पॉलिशचा फवारा घरी मारण्याच्या भानगडीत पडू नये. हौशी माणसाने पाण्यात मिसळणारे पॉलिश किंवा चपडा वापरावा आणि तोही मोकळ्या हवेत.

येथे लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की, एन-९५ मास्क धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. वास येत असेल तर द्रावक आत जातेच आहे. खिडक्या समोरासमोर उघड्या ठेवणे हाच उपाय. पॉलिश लावलेल्या खोलीत त्या रात्री झोपू नये.

या वाफा हवेपेक्षा जड असतात. त्या जमिनीलगत पसरत शेजारच्या खोलीतील गॅसच्या शेगडीपर्यंत, देवघरातील समईपर्यंत जाऊ शकतात. दिवाळीच्या दिवसांत तर दारात पणत्या असतात. म्हणून पॉलिशचे काम आणि दिवे लावण्याची वेळ एकत्र येऊ देऊ नये.

चिंध्यांची आग

लाकडाला जवसाचे तेल लावण्याची पद्धत जुनी आहे. रंगाच्या दुकानात उकळलेल्या तेलाला बेलतेल म्हणतात. हे तेल वाळते म्हणजे हवेतील प्राणवायूशी त्याचा संयोग होतो आणि त्यातून उष्णता बाहेर पडते. पातळ थरातून ती निघून जाते. पण तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर उष्णता आत कोंडते आणि काही तासांनी बोळा आपोआप पेट घेतो. काडी लावावी लागत नाही.

हे खोटे वाटेल, म्हणून एक घडलेली घटना सांगतो. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात वन मेरिडियन प्लाझा नावाची ३८ मजली इमारत होती. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी तिच्या २२ व्या मजल्यावर आग लागली. लाकडी तक्तपोशीला पॉलिश करणाऱ्यांनी जवसाच्या तेलाच्या चिंध्या तेथे सोडल्या होत्या. त्या आगीत अग्निशामक दलाचे तीन जवान मृत्युमुखी पडले.

काम झाल्यावर अशा चिंध्या मोकळ्या जागेत एकेक पसरून वाळवाव्यात किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात बुडवून ठेवाव्यात. कचऱ्याच्या डब्यात बोळा करून कधीही टाकू नयेत.

पाण्याच्या बाटलीत टर्पेंटाइन

दर वर्षी एखादे तरी मूल या कारणाने आमच्याकडे येते. उरलेले थिनर किंवा टर्पेंटाइन पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवलेले असते. मूल तहानेने बाटली तोंडाला लावते. घाबरलेली आई घशात बोट घालून उलटी करवते किंवा मिठाचे पाणी पाजते. यानेच घात होतो. उलटी होताना हे पातळ द्रव्य श्वासनलिकेत उतरते आणि न्यूमोनिया होतो. अशा वेळी उलटी करवू नये, मीठपाणी किंवा दूध पाजू नये. कपड्यांवर सांडले असल्यास कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि ती बाटली बरोबर घेऊन मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे. मूल हसत-खेळत असले तरी न्यावे, कारण त्रास काही तासांनीही सुरू होतो. उरलेले द्रव्य मूळ डब्यातच, झाकण घट्ट लावून, कुलपात ठेवणे हा त्याहून सोपा मार्ग.

नव्या कपाटाचा वास

प्लायवूड, पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ यांतील डिंकात बहुधा फॉर्मल्डिहाइड असते. नवे कपाट उघडल्यावर डोळ्यांना झोंबते ते यामुळे. या द्रव्यालाही २००४ साली कर्करोगकारकांच्या यादीत पक्के स्थान मिळाले. घरगुती प्रमाणात मुख्य त्रास डोळे, नाक, घसा आणि दमा यांचा. उष्ण आणि दमट हवेत ते अधिक बाहेर पडते. खरेदी करताना ई-० किंवा ई-१ दर्जाचा बोर्ड मागावा. कापलेल्या उघड्या कडांमधून वायू जास्त निघतो, म्हणून सर्व कडा, दिसत नसलेल्याही, पट्टी लावून बंद कराव्यात. नवे कपाट दोन-तीन आठवडे उघडे, हवेशीर ठेवावे. बाळंतिणीची खोली ऐन वेळी नव्या फर्निचरने सजवू नये.

माप शरीराचे घ्यावे

टेबल-खुर्ची करताना आपण खोलीचे माप घेतो, बसणाऱ्याचे घेत नाही. मोठ्या माणसासाठी टेबलाची उंची ७५ सेंटीमीटर आणि खुर्चीची बैठक ४२ ते ४५ सेंटीमीटर ठीक. त्याच मापाच्या टेबलावर दहा वर्षांचे मूल खांदे कानापर्यंत उचलून लिहिते आणि मग मान दुखते म्हणते. मुलाला बसवून मोजावे. पाऊल जमिनीला पूर्ण टेकलेले, गुडघा काटकोनात, आणि टेबलाचा पृष्ठभाग कोपराच्या पातळीत. पाय पोहोचत नसतील तर पाट करून द्यावा, मूल वाढले की तो काढता येतो. म्हाताऱ्या माणसांचा पलंग त्यांच्या गुडघ्याच्या उंचीचा असावा, म्हणजे उठताना झोक जात नाही. उंच कपाट भिंतीला स्क्रूने पक्के करावे. मुले खण ओढून त्यावर चढतात आणि कपाट अंगावर येते.

हत्यारे आणि जखमा

ग्राइंडरला लाकूड कापण्याचे दातेरी पाते लावणे, त्यासाठी त्याचे संरक्षक झाकण काढणे, हा प्रकार मी आता वारंवार पाहतो. ते यंत्र त्यासाठी केलेले नाही. पाते लाकडात अडकले की यंत्र हातातून उसळते आणि मांडी, मनगट किंवा चेहरा फाडते. कृपा करून हे करू नका. विजेच्या करवतीवर काम करताना सैल बाही, लुंगी, ओढणी, अंगठी नको. डोळ्यांवर गॉगल आणि पायांत चप्पल नव्हे तर बूट हवेत. कानात इअरप्लग घालावेत, नुसत्या कापसाने भागत नाही. लाकूड हाताने धरण्याऐवजी शिकंजात आवळावे. बोथट हत्यार जास्त घात करते, कारण त्यावर जोर लावावा लागतो. आमच्या बँकेच्या साहेबांची पटाशीही बोथटच होती.

जखम झालीच तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली धुवावी, स्वच्छ फडक्याने दहा मिनिटे न सोडता दाबून धरावी आणि हात उंच ठेवावा. हळद, चुना, विडीची राख भरू नये. ती काढतानाच आमचा अर्धा वेळ जातो. बोट तुटून वेगळे झाले तर तो तुकडा स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावा, ती पिशवी बर्फात ठेवावी आणि मोठे रुग्णालय गाठावे. तुकडा थेट बर्फावर ठेवू नये. धनुर्वाताच्या लशीचा डोस मोठ्यांनी दर दहा वर्षांनी घ्यावा. मळलेली जखम झाली आणि शेवटच्या डोसाला पाच वर्षे होऊन गेली असतील तर पुन्हा घ्यावा. मधुमेही आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी लहान जखमही डॉक्टरांना दाखवावी.

शेवटी दोन शब्द

त्या गृहस्थांना मी टाके निघेपर्यंत विश्रांती आणि नंतर गच्चीवर काम, एवढे सांगितले. टेबल दिवाळीला झाले नाही तर भाऊबीजेला होईल, नाही तर तुळशीच्या लग्नाला. वहिनींना पंप नियमित घ्यायला सांगितला आणि मागची खोली ओल्या फडक्याने दोनदा पुसून घ्यायला लावली.

आता ज्यांच्या घरी मिस्त्री काम करीत आहेत त्यांच्यासाठी. आपण त्यांना चहा विचारतो, उन्हात पाणी देतो. त्याबरोबर एन-९५ मास्कचे एक पाकीट आणून द्या. धूळ घरात येते म्हणून त्यांना कोंदट खोलीत बंद करू नका. आपले काम आठ दिवसांत संपते, ते उद्या दुसऱ्याच्या घरी हीच धूळ घेतात आणि परवा तिसऱ्याच्या.

आणि हे सदर वाचणाऱ्या सुतार बंधूंना एक विनंती. एकाच बाजूची नाकपुडी तीन आठवड्यांहून अधिक बंद राहिली, एकाच बाजूने रक्त येऊ लागले, वास कळेनासा झाला किंवा गाल जड वाटू लागला, तर सर्दी समजून घरगुती औषधे करीत बसू नका. बहुतेकांच्या बाबतीत काही साधेच निघेल. तरीही कान-नाक-घसा तज्ज्ञांना एकदा नाक आतून दाखवा, आणि दाखवताना डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता आपणहून सांगा, 'मी सुतारकाम करतो.'